हिदोयत आपांची गाडी

माझ्याकडे मोटार आहे हे अख्ख्या मार्गिलानला माहीत आहे, कारण ते मी अख्ख्या मार्गिलानला सांगितलेलं आहे. मोटार जिगुली आहे, जुनी रशियन बनावटीची. रंग एके काळी दुधी होता, आणि वयाने ती माझ्या मुलीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. पण मोटार ती मोटार. मी शाळेत भूमिती शिकवतो. मास्तराला आमच्याकडे उझबेकिस्तानात दोमला म्हणतात आणि मानही देतात, पण तो मान शाळेच्या फाटकापर्यंतच पुरतो. फाटकाबाहेर मान हवा असेल तर बोटात गाडीच्या चाव्यांची कडी लागते. म्हणून मी कुठेही जाताना ती कडी, तिला लटकणाऱ्या पितळी त्रिकोणासकट, बोटात अडकवून जातो. दाढी करायला जाताना, रोट्या आणायला जाताना, आणि मिनीबसमध्ये बसताना तर न चुकता. शेजारच्या उतारूला कळायला नको का, की हा गृहस्थ मूळचा मिनीबसवाला नाही, आज काही कारणाने इथे आलेला आहे?

माझी बायको सानोबर यावर म्हणते, "लग्नातली अंगठी आठ दिवसांत काढून ठेवलीत. ही कडी मात्र झोपेतसुद्धा सुटत नाही."

ती कडी एका गुरुवारी सकाळी सुटली. म्हणजे बोटात नव्हती. कोटाच्या खिशात नव्हती, पाटलोणीत नव्हती, टोपीत नव्हती, समोवारच्या मागे नव्हती. मी सानोबरला काही न सांगता घरभर शोधलं. एखादी वस्तू बायकोला न सांगता शोधायची म्हणजे चेहऱ्यावर काहीही न दाखवता गाद्या उलट्यापालट्या करायच्या. चौथ्या गादीला ती म्हणाली, "किल्ल्या हरवल्यात का?"

"कुठे ठेवल्यात एवढंच आठवत नाही," मी म्हटलं.

एरवी हे प्रकरण मी आठवडाभर निवांत चालवलं असतं. पण पाळणा गाडीत होता.

हा पाळणा साधासुधा नव्हता. माझ्या एकुलत्या एका मुलीला, झुल्फिझारला, पहिला मुलगा झाला. पहिल्या नातवाचा पाळणा आजोळहून जायचा, तोही वाजतगाजत, हे काही कुणी सांगायला लागत नाही. सानोबरने तो तीन महिने आधी सांगून करून घेतला होता. तुतीच्या लाकडाचा, लाल-हिरव्या नक्षीचा, वर सहा घुंगरं. रविवारी सकाळी दहा वाजता तो कुवा गावी, व्याह्यांच्या दारात पोचायचा होता. आमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची नजर लागायला नको म्हणून मंगळवारीच तो मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि गाडीला कुलूप घातलं. आता तो काचेतून दिसत होता. हात मात्र लागत नव्हता.

आदल्या दिवशी, बुधवारी, आम्ही दोघं कुव्याला नातवाला पहिल्यांदा बघून आलो होतो. पाळणा रविवारच्या आधी व्याह्यांच्या नजरेला पडू नये म्हणून गाडी घरी ठेवून मिनीबसने गेलो होतो. तेव्हा कडी मिनीबसमध्येच पडली असणार, असा मी निष्कर्ष काढला. भूमितीत याला सिद्धता म्हणतात. त्या मिनीबसचा ड्रायव्हर मी स्टँडवर जाऊन शोधला. त्याने सीटखालून एक मोजा, एक कवळी आणि अर्धं कलिंगड काढून दाखवलं. फेब्रुवारीत कलिंगड कुठून आलं हे मी विचारलं नाही.

दुसरी चावी होती. ती माझ्या मेहुण्याकडे होती आणि मेहुणा रशियात, ओरेनबुर्गला बांधकामावर. त्याला फोन लावला.

"भावजी, ती तर मी तेव्हाच हरवली," तो म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"तेव्हाच म्हणजे कधी?"

"आठ वर्षं झाली असतील."

आमच्या भिंतीपलीकडे उमुर्झाक आका राहतात; वडीलधाऱ्या माणसाला आम्ही आका म्हणतो. तीस वर्षं त्यांनी सरकारी कापसाचा ट्रक चालवला. त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा, मग ती हातगाडी का असेना. मी गाडीभोवती तिसरी प्रदक्षिणा घालत असताना ते भिंतीवरून डोकावले.

"काय दोमला, विकताय की काय?"

"नाही हो, आका. काच पुसावी म्हटलं."

"काच पुसायला नाक कशाला लावावं लागतं? किल्ली हरवलीय, सरळ सांगा की. वायर आणतो थांबा."

वायर घेऊन ते आले, आणि त्यांच्यामागून अख्खी गल्ली आली. काचेच्या रबरातून वायर आत घालायची, वाकवायची आणि आतलं बटण वर ओढायचं, अशी ती शास्त्रीय पद्धत. उमुर्झाक आकांची वायर बटणापर्यंत गेली, बटणाला वळसा घालून पुढे गेली आणि पाळण्याच्या घुंगरात अडकली. आकांनी ओढलं की आत घुंगरं वाजायची.

"वाजतंय म्हणजे लागलंय," आका म्हणाले.

"आका, ते घुंगरू आहे!"

"मला सांगू नका. मी डिझेलवर वाढलेला माणूस आहे."

मग कसायाने त्याची वायर आणली, न्हाव्याने त्याची आणली. प्रत्येकाचं म्हणणं हेच, की आधीच्याने चुकीच्या कोनात घातली. कोनाबद्दल माझंही काही मत असू शकतं हे कुणालाही वाटलं नाही, आणि मी सव्वीस वर्षं कोनच शिकवतोय. दुपारपर्यंत काचेच्या दोन्ही अंगांनी पाच वायरी रबरात रुतून बसल्या आणि गाडीला मिशा फुटल्या. शेवटी उमुर्झाक आकांनी अर्धी वीट उचलली.

"आता एकच उपाय. काच."

सानोबर मधे आडवी उभी राहिली. "खबरदार! बाळ अजून एकदासुद्धा निजलं नाही त्या पाळण्यात, आणि त्यावर काचा पाडता? माझ्या नातवाच्या पाळण्यावर फुटकी काच पडली तर आका, मी तुमच्या घराची एक काच शिल्लक ठेवणार नाही!"

आकांनी वीट खाली ठेवली. विटेच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा नव्हता.

त्याच संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. आमचे व्याही अब्दुमुतल हाजी, कुव्यातले मोठे डाळिंबवाले. दोन मजली घर, अंगणात द्राक्षांचा मांडव. पण दारात गाडी नाही. त्यांना गाडीत बसलं की मळमळतं आणि ज्यात आपल्याला मळमळतं त्यात मुलाने बसू नये असं त्यांचं मत आहे. असा माणूस फोन करतो तेव्हा मी उभा राहूनच बोलतो. त्यात किल्ली हरवल्याचं त्यांना कळता कामा नये, हे मी सानोबरला बजावून ठेवलं होतं. पहिल्या नातवाचा पाळणा माझ्या स्वतःच्या गाडीतून आणीन, असं मी त्यांना साखरपुड्यापासून सांगत आलो होतो.

"दोमला," हाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काल तुम्ही गेल्यावर आमच्या लक्षात आलं. अहो, एवढं कुणी करतं का?"

मला हायसं वाटलं. बुधवारी आम्ही तीन लिटरची मधाची बरणी नेली होती. हाजींसारख्यांच्या घरी एक बरणी म्हणजे काहीच नाही, म्हणून दारातून आत शिरताना मी ती अंगाआड धरली होती आणि चपलांपाशी ठेवून दिली होती.

"अहो हाजीआका, त्यात काय एवढं! घरातलंच होतं."

"घरातलंच! ऐकलंस का गं, घरातलंच म्हणतायत!" ते आत ओरडले. आतून विहीणबाईंचा हुंदका ऐकू आला. मध एवढा आवडेल असं मला वाटलं नव्हतं.

"तसं जुनं आहे जरा," मी नम्रपणे म्हणालो, "पण अस्सल."

"जुनं तेच पक्कं, दोमला! आजकालचं नवीन काय, नुसतं दिखाऊ."

"थंडीत मात्र घट्ट होतं. कढत पाण्याचा शेक दिला की सुटतं."

"बरं झालं सांगितलंत. दोनियोरला सांगून ठेवतो."

दोनियोर म्हणजे आमचा जावई. फोन ठेवल्यावर मी सानोबरला म्हटलं, "बघ, मधाने केवढं नाव केलं." ती म्हणाली, "तो पाळणा पोचला नाही तर तेच नाव धुऊन जाईल."

शुक्रवारी मी बाजाराच्या फाटकाशी चाव्या करून देणाऱ्या उस्ता गैरतकडे गेलो. त्याची टपरी म्हणजे एक माणूस मावेल एवढं लोखंडी कपाट, आणि त्यात दीड माणसाएवढा गैरत. भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या.

"नमुना?" त्याने हात पुढे केला.

"नमुना असता तर आलो कशाला असतो? दोन्ही हरवल्या. दाराची आणि इंजिनाची."

"मग गाडीपाशी यावं लागेल. कोरी चावी कुलपात घालायची, हलवायची, जिथे ओरखडे उठतील तिथे कानस मारायची. पुन्हा घालायची. दोन कुलपं म्हणजे अर्धा दिवस."

"चला तर मग."

"कागद?"

"कसला कागद?"

गैरतने कानस खाली ठेवली. "दोमला, तुम्ही सज्जन दिसता. मागच्या महिन्यात असाच एक सज्जन आला. घटस्फोटाच्या दिवशी त्याने बायकोच्या गाडीची चावी करून घेतली. मग बायको आली. मग बायकोचे भाऊ आले. तेव्हापासून मी मोहल्ला समितीच्या दाखल्याशिवाय कानस उचलत नाही."

मोहल्ला समितीत सेक्रेटरी तोजिखोन बाई बसतात. त्यांच्या हातात शिक्का असतो आणि तो त्या बोलतानाही खाली ठेवत नाहीत.

"गाडी तुमची आहे असा दाखला पाहिजे ना? देते की. गाडीचं पुस्तक आणा."

"पुस्तक गाडीत आहे."

"मग गाडी उघडा."

"गाडी उघडायला किल्ली लागते."

"मग किल्ली करून घ्या."

"किल्ली करायला तुमचा दाखला लागतो."

तोजिखोन बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. वर्तुळाला सुरुवात आणि शेवट नसतो, हे मी पोरांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. त्या वर्तुळाच्या आत राहून ते कसं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण बाई मनाच्या चांगल्या. शिक्का पर्समध्ये टाकून त्या माझ्याबरोबर गल्लीत आल्या, चष्मा चढवला आणि काचेला गाल लावला. पुस्तक समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झापेला खोचलेलं होतं आणि नशिबाने मालकाच्या नावाचं पान बाहेर होतं. भोवती गल्ली जमलीच होती. बाईंनी मोठ्याने वाचलं.

"करीमोव्हा... हिदोयत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सानोबरनेही पाहिलं, आणि तिला तर सगळं ठाऊक होतं.

"ही कोण हो दोमला?" उमुर्झाक आकांनी विचारलं.

आता यात लपवण्यासारखं काही नव्हतं. जुनी गाडी आमच्याकडे कुणी कागदावर विकत घेतं का? नावावर करायची म्हणजे चार कचेऱ्या, सहा रांगा. त्यापेक्षा पैसे मोजायचे, नोटरीपुढे एक मुखत्यारपत्र करायचं आणि गाडी चालवायला लागायचं. गाडी आपली, पेट्रोल आपलं, पंक्चर आपलं. फक्त कागदावर मालक पहिलाच राहतो. निम्मं मार्गिलान अशा गाड्यांतून फिरतं. उमुर्झाक आकांच्या मुलाची गाडी तर एका माणसाच्या नावावर आहे जो वारल्याला अकरा वर्षं झाली. पण त्या क्षणी सगळ्यांनी अशी तोंडं केली, जणू मी कुणा हिदोयतला ठेवलेलं आहे.

तोजिखोन बाईंनी दाखला दिला. त्यात लिहिलं होतं: 'सदर गाडी श्रीमती करीमोव्हा यांची असून ती मामासोली दोमला यांच्या दारात उभी आहे.' उस्ता गैरतने तो दोनदा वाचला.

"मग करीमोव्हा बाईंना आणा," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी मी हिदोयत आपांकडे गेलो. एकोणीस वर्षांत त्यांच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं, आणि जाताना मनात एकच चिंता होती, की त्या आहेत का. त्या होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या, चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात उभं राहून ताठ झालेल्या.

"मामासोली ना तू? मी मेले की काय बघायला आलास?"

"छे छे, आपा! सहज आलो."

"सहज कोण येतं? बस. आधी खा, मग काय ते खोटं बोल."

आमच्याकडे भुकेल्या पोटाने कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. आधी चहा झाला, मग बेदाणे, मग रात्रीचा पुलाव तव्यावर गरम करून आला. घड्याळात अकरा वाजले तेव्हा मला तोंड उघडायची परवानगी मिळाली. मी सगळं सांगितलं. पाळण्याचं, वायरींचं, दाखल्याचं.

त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट उचलली. "म्हणजे ती गाडी अजून माझी आहे?"

"कागदोपत्री, आपा. नुसती कागदोपत्री."

"कागद म्हणजेच खरं. चिठ्ठीवर औषध लिहिलं नसेल तर मी कुणाला साधी गोळी दिली नाही कधी. एकोणीस वर्षं माझी गाडी वापरतोस, आणि एकदा तरी म्हणालास, की आपा, चला, तुम्हाला हवा खायला नेतो?"

"आपा, मी पैसे दिले होते..."

"मी कुठे नाही म्हणते? पण हवा?"

त्यांनी काळा कोट चढवला, पासपोर्ट रुमालात बांधून घेतला आणि त्या निघाल्या. गैरतच्या टपरीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "मी मालकीण. सही कुठे करू?" गैरत कपाटातून अशा अदबीने बाहेर आला की मला माझीच लाज वाटली. मी आदला अख्खा दिवस याच्या पाया पडत होतो.

गाडीशेजारी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, पायांवर सानोबरने रजई घातली. गैरत कोरी चावी कुलपात घालून हलवायचा, बाहेर काढून उजेडात धरायचा, कानस मारायचा. आपा दर वेळी म्हणायच्या, "सावकाश रे. माझी गाडी आहे." गल्लीही पटकन फिरली. कालपर्यंत 'दोमलाची गाडी' म्हणणारे उमुर्झाक आका आपांना विचारू लागले, "आपा, तुमच्या गाडीच्या मिशा काढू का?" पहिली चावी कुलपातच मोडली. दुसरीने फक्त डिकी उघडली. डिकीत एक सुटा टायर आणि माझा १९९९ साली हरवलेला छत्रीचा दांडा होता. तिसरी चावी चार वाजता दारात फिरली आणि दार उघडलं. सानोबर रडली, पाळण्याची घुंगरं वाजली आणि कसायाने सर्वांच्या वतीने 'अल्लाहू अकबर' म्हणून दुवा मागितली. इंजिनाची चावी सूर्य मावळायच्या जरा आधी जमली.

"दोन-दोन जोड करा," सानोबर गैरतला म्हणाली. "एक वापरायला, एक यांना हरवायला."

मी आपांना घरी सोडायला निघालो. पुढच्या सीटवर बसून त्यांनी रस्ताभर खिडकी उघडी ठेवली. उतरताना म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघायचं?"

"कुठे, आपा?"

"पाळणा माझ्या गाडीतून जाणार, आणि मी घरी बसू?"

रविवारी आम्ही दहाला पाच मिनिटं असताना कुव्याला पोचलो. टपावर पाळणा, त्याला लाल दोर, आत भेटवस्तू, पुढे आपा, मागे गठ्ठ्यांमध्ये दबलेली सानोबर, आणि स्टिअरिंगवर मी. तीन दिवसांत पहिल्यांदा माझी मान ताठ होती. डफ वाजत होते. हाजींच्या दारात सत्तरऐंशी माणसं उभी होती आणि आमची गाडी दिसताच असा गलका झाला की माझे डोळे भरून आले. एका पाळण्याचं केवढं हे कौतुक!

पण पाळण्याकडे कुणी बघितलंच नाही. विहीणबाई धावत आल्या आणि त्यांनी शुभ म्हणून बॉनेटला पिठाचं बोट लावलं. कुणीतरी आरशाला रेशमी रुमाल बांधला. बायकांनी मूठमूठ गोळ्या-चॉकलेटं टपावर उधळली. दोनियोर गाडीभोवती हळूहळू फिरला, एकेका दारावरून हात फिरवला आणि मग मडगार्डवर गाल टेकला. हाजींनी मला मिठी मारली. ती सुटेना.

"दोमला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आम्ही गाडीची वाट बघत होतो, पण तुम्ही ती पाळण्यासकट आणलीत!"

मला काही उमगेना. मला आत बैठकीत नेऊन सगळ्यांत वरच्या जागी बसवलं. विहीणबाईंनी बाळ आणलं, उशीसकट. आणि त्या उशीवर, लाल धाग्याने शिवून टाकलेली, माझी कडी. दोन चाव्या आणि माझा तो भूमितीचा पितळी त्रिकोण.

"बुधवारी तुम्ही बाळाला उचललंत," विहीणबाई सगळ्यांना सांगू लागल्या. "आणि खाली ठेवताना हळूच उशाशी किल्ली ठेवलीत. एक शब्द नाही बोललात! आम्ही म्हणत होतो, रिकाम्या हाताने कसं बाळाचं तोंड बघितलं यांनी? नंतर उशी झटकली तर ही! तेव्हा कळलं, गाडी असून मिनीबसने का आलात ते. नातवाला तोंड बघायची भेट म्हणून कुणी सोन्याचं नाणं देतं, कुणी कोकरू देतं. अख्खी गाडी कुणी दिली होती का हो आजवर या गावात?"

"नाही!" गाव म्हणालं.

मी सानोबरकडे पाहिलं, ती छताकडे बघत होती. मला सांगून टाकायचं होतं, की मंडळी, मी एक वेंधळा माणूस आहे, बाळाला घ्यायला दोन्ही हात मोकळे केले आणि कडी उशीवर विसरलो. वाक्य जुळवलं होतं. तेवढ्यात झुल्फिझार चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ वाकली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बुधवारपासून सासूबाई मला अंगण झाडू देत नाहीत. म्हणतात, तू गाडीवाल्या बापाची लेक आहेस. मामंजी पहिल्यांदा माझं नाव घेऊन बोलले. बाबा, तुम्ही हे माझ्यासाठी केलंत ना?"

जुळवलेलं वाक्य मी गिळलं. पोरीचा चेहरा असा उजळला होता, की मी तिला दुसरं काय सांगणार होतो?

पण गाडी! एकोणीस वर्षं चालवलेली माझी गाडी! मला रडूच येत होतं, आणि भोवतालचे लोक एकमेकांना सांगत होते की बघा, देणाऱ्यालाच भरून आलंय. मग एकदम माझ्या लक्षात आलं. हिदोयत आपा! देणारा मी कोण? गाडी कागदावर त्यांची. त्यांनी 'नाही' म्हटलं तर माझ्यावर बोल येणार नाही. मी देत होतो, कायदा आड आला, एवढंच. दानही झालं, गाडीही राहिली. मी आपांच्या कोपराला कोपर लावलं.

"आपा," मी कुजबुजलो, "कागद म्हणजेच खरं. बोला."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. गुडघ्यावर हात रोवून त्या उभ्या राहिल्या.

"मंडळी, एक गैरसमज होतोय," त्या म्हणाल्या. "ती गाडी मामासोलीची नाही. माझी आहे. माझ्या नावावर आहे, पासपोर्ट दाखवू?"

हाजींचा चेहरा पडला. दोनियोरच्या हातातला रोटीचा तुकडा तसाच राहिला. माझ्या जिवात जीव आला.

"त्यामुळे ती द्यायचा अधिकार याला नाही," आपा म्हणाल्या. त्यांनी बाळाकडे पाहिलं. ते नेमकं तेव्हाच हसलं, त्याला दुसरा काही उद्योग नव्हता. "तो मला आहे. आणि मी ती देते! माझ्याकडून, या लेकराला! सोमवारी नोटरीकडे चला, मुखत्यारपत्र वगैरे भानगड नाही, सरळ नावावर करून देते. मामासोली, नवीन चाव्यांचे ते दोन जोड काढ इकडे. एका जोडाने गाडी देतात का कुठे?"

मी काढले.

नंतरचं मला नीट आठवत नाही. हाजींनी आतून जरीचा अंगरखा आणून आपांच्या खांद्यावर घातला. बायकांनी त्यांचे हात डोळ्यांना लावले. बाळाला त्यांच्या मांडीवर देऊन फोटो काढला; त्यात डाव्या कडेला जो एक कान दिसतो तो माझा आहे. हाजी मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "दोमला, अशा थोर बाईंना तुम्ही आमच्या दारी घेऊन आलात, हे तुमचे उपकार." आणि वर पाठीवर थाप मारून, "गाडी कधी लागली तर मागा हं. संकोच करू नका, आपलीच आहे."

संध्याकाळी दोनियोर आम्हाला घरी सोडायला आला. वाटेत आपांना उतरवलं. त्या अंगरख्यासकट उतरल्या आणि खिडकीतून जावयाला म्हणाल्या, "अधूनमधून मला हवा खायला नेत जा रे." तो म्हणाला, "दर शुक्रवारी येईन, आजी." मी मागच्या सीटवर, पाळण्याच्या जागी, गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. वाटेत एकदा सानोबरने माझा हात हातात घेतला आणि माझ्या रिकाम्या बोटावरून अंगठा फिरवला. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने असं केल्याचं मला आठवत नाही.

गल्लीत शिरलो तेव्हा उमुर्झाक आका भिंतीवर कोपरं टेकून उभेच होते. त्यांनी स्टिअरिंगवरच्या दोनियोरला पाहिलं, मागे बसलेल्या मला पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"काय हो दोमला? आज मागे बसलात?"

मी दार उघडून सावकाश उतरलो, कोट झटकला आणि टोपी सरळ केली.

"ड्रायव्हर ठेवलाय," मी म्हटलं.